अर्धा टक्का वाढीव सेल्स टॅक्स: वाचनालय, तरणतलाव आणि फायर स्टेशनसाठी. मत देण्याआधी नेमकं काय तपासायचं?

पूर्वा_एम (मूळ प्रश्न)

कॅलिफोर्नियातल्या आमच्या शहराच्या कौन्सिलने नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर अर्धा टक्का वाढीव सेल्स टॅक्सचा प्रस्ताव ठेवला आहे. मुदत १० वर्षं. घरी आलेल्या माहितीपत्रकात तीनच गोष्टींची चित्रं आहेत: नवं वाचनालय, तरणतलावाची दुरुस्ती, दुसरं फायर स्टेशन. पण मतपत्रिकेवरचा प्रश्न वाचला तर त्यात "वाचनालय, उद्यानं, अग्निशमन आणि इतर सर्वसाधारण शहरी सेवांसाठी" असं म्हटलंय आणि मंजुरीला साधं बहुमत पुरेसं आहे.

मला सुविधा हव्या आहेत, कराला सरसकट विरोध नाही. पण पैसा खरंच याच तीन कामांना जाईल याची कायदेशीर हमी कुठे शोधायची? वर्षाला ५० लाख डॉलर मिळतील हा कौन्सिलचा अंदाज कसा पडताळायचा? आणि १० वर्षांनी कर संपल्यावर या इमारती चालवायच्या कशावर?

---

हिशेबनीस

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर "साधं बहुमत" या दोन शब्दांत आहे.

कॅलिफोर्नियात शहराचा कर दोनच प्रकारचा असू शकतो, जनरल किंवा स्पेशल. १९७८ चं प्रपोझिशन १३, १९८६ चं ६२ आणि १९९६ चं २१८ या तिन्हींतून ही चौकट बनली (प्रपोझिशन म्हणजे राज्यभरातल्या मतदारांपुढे ठेवलेला प्रस्ताव). जनरल कराचा पैसा शहराच्या जनरल फंडात पडतो आणि तो कुठल्याही शहरी कामाला वापरता येतो. त्याला मतदारांचं साधं बहुमत लागतं. ठरावीक कामालाच बांधलेला कर तो स्पेशल, आणि कौन्सिलने ठेवलेल्या स्पेशल कराला मतदारांची दोन तृतीयांश मतं लागतात. तुमच्याकडे ५० टक्क्यांहून एक मत जास्त पुरतंय, म्हणजे हा जनरल कर आहे. माहितीपत्रकातली चित्रं कौन्सिलला बांधून ठेवत नाहीत. "वाचनालय, उद्यानं, अग्निशमन" ही यादी उदाहरणादाखल आहे, आणि तिच्या शेवटी आलेलं "इतर सर्वसाधारण सेवा" हेच कायद्याच्या दृष्टीने खरं कलम.

यात फसवणूक आहे असं माझं म्हणणं नाही. ६६.६७ टक्के गाठणं फार अवघड असतं, त्यामुळे बहुतेक शहरं जनरल कराचा रस्ता धरतात. सांता क्लारा काउंटीच्या बाबतीत दोन्ही बाजूंचे निकाल आहेत. १९९५ च्या ग्वार्डिनो खटल्यात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने वाहतुकीला बांधलेला कर दोन तृतीयांश मतांअभावी रद्द केला. १९९६ मध्ये त्याच काउंटीने दोन वेगळे प्रश्न मतपत्रिकेवर ठेवले: एकात कामांची सल्लादाखल यादी, दुसऱ्यात जनरल कर. १९९८ च्या कोलमन निकालात अपील न्यायालयाने ही पद्धत वैध ठरवली. तेव्हा तुमच्या मतपत्रिकेवर सोबत सल्लादाखल प्रश्न आहे का ते आधी पाहा. असला तरी तो कायद्याने बंधनकारक नसतो. पण पुढे बजेटच्या बैठकीत "मतदारांनी हे मागितलं होतं" असं म्हणायला लेखी आधार मिळतो, आणि त्याचं वजन पडतं.

आता काय वाचायचं. सिटी क्लर्ककडून (शहराचे कागदपत्र सांभाळणारा अधिकारी) पूर्ण ऑर्डिनन्स, म्हणजे कराचा मूळ कायदेशीर मजकूर, मागून घ्या. जनरल कराच्या वेळी तो मतदार पुस्तिकेत छापलेलाच असेल असं नाही, मागितल्यावर मिळतो. त्यात हे शोधा:

- कर संपण्याची तारीख. "मतदारांनी रद्द करेपर्यंत" असे शब्द असतील तर मुदतच नाही. तुमच्याकडे १० वर्षं म्हणतात, पण ती ऑर्डिनन्समध्येच लिहिलेली हवी.
- कौन्सिलला मतदारांना न विचारता काय बदलता येतं. दर वाढवायचा तर मतदान लागतंच, पण इतर तरतुदी कौन्सिल स्वतः बदलू शकते असं कलम बहुधा असतं.
- आधीचा खर्च न घटवण्याची अट. वाचनालयाला आज जनरल फंडातून जेवढे मिळतात तेवढे मिळतच राहतील, नवा पैसा त्यावर भर म्हणून येईल, असं वाक्य आहे का? नसेल तर नव्या कराचे २० लाख वाचनालयाला द्यायचे आणि जुने २० लाख तिथून काढून पेन्शनच्या थकबाकीला लावायचे, हे पूर्ण कायदेशीर आहे. मोठा घोटाळा असा कुठे होत नाही. पैसा असाच, एकेका बजेटमध्ये, दुसरीकडे सरकतो.
- देखरेख समिती. तिचे अधिकार नीट पाहा. बहुतेक समित्या झालेल्या खर्चाचा वार्षिक अहवाल पाहतात, होणारा खर्च अडवू शकत नाहीत. ठरावाने स्थापन झालेल्या समितीला ब्राउन ॲक्ट (खुल्या बैठकांचा कायदा) लागू असतो, म्हणजे नियमित बैठकीची विषयपत्रिका ७२ तास आधी लावावी लागते आणि नागरिकांना बोलता येतं.

एक बारीक गोष्ट: असा कर मतपत्रिकेवर ठेवायलाच कौन्सिलच्या एकूण सदस्यांपैकी दोन तृतीयांश मतं लागतात. पाच जणांच्या कौन्सिलमध्ये ३-२ चालत नाही, किमान ४ हवीत. त्या बैठकीचं इतिवृत्त वाचा. जो एक सदस्य विरोधात गेला असेल, त्याचे आक्षेप बहुधा सगळ्यात नेमके असतात.

---

वसुली_विभाग

वरच्या प्रतिसादाशी सहमत. मी फक्त आकड्यांबद्दल लिहितो, कारण ५० लाखांचा अंदाज पडताळताना जवळजवळ सगळे एकच चूक करतात.

कॅलिफोर्नियाचा मूळ दर ७.२५ टक्के आहे. त्यातला १ टक्का शहराला किंवा काउंटीला मिळतो. लोक काय करतात, शहराच्या बजेटमधून त्या १ टक्क्याची रक्कम घेतात, तिला दोनने भागतात आणि अर्ध्या टक्क्याचं उत्पन्न मिळालं असं धरतात. हे चुकतं, कारण दोन करांची जागा वेगवेगळ्या नियमाने ठरते. मूळ १ टक्का साधारणपणे विक्री जिथे झाली त्या गावाला जातो. वाढीव कर, ज्याला कायद्यात ट्रान्झॅक्शन्स अँड यूज टॅक्स म्हणतात, माल जिथे पोचवला जातो तिथल्या दराने लागतो.

मोटारींच्या शोरूमचं उदाहरण घ्या. बाहेरगावच्या माणसाने तुमच्या शहरात ४०,००० डॉलरची गाडी घेतली तर मूळ १ टक्का, म्हणजे ४०० डॉलर, तुमच्या शहराला मिळतात. वाढीव अर्धा टक्का मात्र लागत नाही, कारण गाडीला नोंदणीच्या पत्त्याचा दर लागतो. उलट तुमच्या शहरातल्या माणसाने शेजारच्या गावातून गाडी आणली तर वाढीव कराचे २०० डॉलर तुमच्या शहराला येतात. ऑनलाइन खरेदीचंही तसंच. राज्याबाहेरून थेट आलेल्या मालाचा मूळ १ टक्का काउंटीच्या सामायिक कुंडात जाऊन वाटला जातो, पण वाढीव कर घरपोच पत्त्यावरून थेट शहराला मिळतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा वेफेअर निकाल आणि त्यानंतरचा २०१९ चा कायदा यामुळे कॅलिफोर्नियात वर्षाला ५ लाख डॉलरहून जास्त विक्री करणाऱ्या बाहेरच्या विक्रेत्यांनाही हा कर गोळा करावा लागतो, आणि १ ऑक्टोबर २०१९ पासून ऑनलाइन बाजारपेठा आपल्या विक्रेत्यांच्या वतीने तो भरतात.

सारांशाने नव्हे, नियम म्हणून लक्षात ठेवा: मोठी शोरूम्स आणि मॉल असलेल्या शहरात वाढीव कराचं उत्पन्न भागाकाराच्या आकड्यापेक्षा कमी येतं, आणि फक्त वस्ती असलेल्या शहरात जास्त. कौन्सिलने सल्लागाराकडून अंदाज घेतला असेल तर त्यात "डिलिव्हरीच्या जागेनुसार समायोजन" केलंय का एवढं विचारा. ५० लाख खरे असतील तर करपात्र उलाढाल वर्षाला १०० कोटी डॉलर धरलेली असणार (५० लाख भागिले ०.००५). हा आकडा शहराच्या लोकसंख्येने भागून पाहा. माणशी आकडा पटण्याजोगा येतो का ते लगेच कळतं.

घरावर बोजा किती? घरी शिजवायचं अन्न, डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं, घरभाडं, बहुतेक सेवा यांवर हा कर नाही. हॉटेलातलं गरम जेवण, कपडे, फर्निचर, इलेक्ट्रॉनिक्स, गाडी यांवर आहे. वर्षाला २०,००० डॉलरची करपात्र खरेदी असेल तर अर्धा टक्का म्हणजे १०० डॉलर. किराणा वगळलेला असला तरी कमी उत्पन्नाच्या घराच्या कमाईचा तुलनेने मोठा हिस्सा यात जातो, हे मान्य करूनच बोलायला हवं.

आणखी एक मर्यादा. एका ठिकाणी लागणारे शहराचे, काउंटीचे, वाहतुकीचे सगळे वाढीव कर मिळून २ टक्क्यांची कमाल मर्यादा आहे. काही काउंट्यांना विधिमंडळाने सूट दिलेली आहे. तुमच्याकडे आधीच दीड टक्का असेल तर हा प्रस्ताव उरलेली सगळी जागा खाऊन टाकतो. पुढच्या १० वर्षांत दुसरी गरज निघाली तर सेल्स टॅक्सचा रस्ता बंद. हे माहितीपत्रकात कधीच नसतं.

---

पूर्वा_एम

खूप उपयोगी. डिलिव्हरीचा मुद्दा अजिबात माहीत नव्हता. आमच्याकडे दोन मोठी शोरूम्स आहेत, तेव्हा हे विचारतेच. कौन्सिलच्या बैठकीत "या उत्पन्नावर रोखे काढून तिन्ही इमारती लगेच बांधू" असंही कुणीतरी म्हटलं. ते शक्य आहे का?

---

बांधकाम_आणि_देखभाल

शक्य आहे, पण आधी हिशेब.

शहराने एका वर्षाच्या उत्पन्नापलीकडे कर्ज काढायचं तर कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेप्रमाणे मतदारांची दोन तृतीयांश मंजुरी लागते. २०२४ च्या प्रपोझिशन ५ ने काही कामांच्या रोख्यांसाठी ही अट ५५ टक्क्यांवर आणायचा प्रयत्न केला, तो मतदारांनी फेटाळला. त्यामुळे शहरं लीज रेव्हेन्यू बाँडचा मार्ग घेतात: इमारत एका वित्तसंस्थेच्या नावे ठेवून शहर तिला दरवर्षी भाडं देतं. न्यायालयांनी हे मान्य केलेलं आहे. याला वेगळं मतदान लागत नाही, म्हणून तर हा प्रश्न तुम्ही आत्ताच विचारायला हवा.

५० लाखांपैकी ३० लाख हप्त्याला बाजूला काढले आणि व्याज ४ टक्के धरलं, तर १० वर्षांच्या मुदतीत साधारण २ कोटी ४३ लाख डॉलर उभे राहतात. हप्त्यांची बेरीज ३ कोटी. मुदत २० वर्षं केली तर ४ कोटी ८ लाखांच्या आसपास मिळतात, पण हप्ते ६ कोटींचे होतात आणि शेवटची १० वर्षं कर अस्तित्वातच नसतो. तेव्हा हप्ता जनरल फंडातून जातो आणि वाचनालयाचे तास कमी होतात. म्हणून कौन्सिलला सरळ विचारा, रोख्यांची मुदत कराच्या मुदतीपेक्षा लांब आहे का. "हो" आलं तर तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळालं.

आता चालवण्याचा खर्च. तिन्ही इमारतींना एका तराजूत घालू नका.

फायर स्टेशन सगळ्यात महाग पडतं, आणि त्याचं कारण इमारत नाही. बंबावरची एक जागा वर्षाचे ८,७६० तास भरलेली ठेवायची असते. आठवड्याला ५६ तासांच्या पाळीने एक माणूस २,९१२ तास देतो, म्हणजे एका जागेला ३ माणसं. तिघांच्या बंबाला ९. त्यात रजा, आजारपण, प्रशिक्षण धरलं की १० ते १२ पूर्णवेळ माणसं, त्यांचे पगार, आरोग्य विमा, पेन्शन. हा खर्च दरवर्षीचा आहे आणि कर संपला म्हणून तो संपत नाही. इमारतीवरही वेगळे नियम आहेत: भूकंपानंतर लगेच वापरता आली पाहिजे अशा इमारतींसाठीचा १९८६ चा कायदा फायर स्टेशनला लागू होतो, त्यामुळे प्रति चौरस फूट दर साध्या कार्यालयापेक्षा जास्त येतो. मुदतीच्या करावर नवं फायर स्टेशन उभं करणं हा या प्रस्तावातला सगळ्यात जोखमीचा भाग आहे असं माझं ठाम मत आहे. जुन्या स्टेशनची पुनर्बांधणी असेल तर गोष्ट वेगळी, कारण माणसं आधीपासून पगारावर असतात. तुमच्या पत्रकात "दुसरं" म्हटलंय, तेव्हा हे नक्की विचारा.

तरणतलाव उलट. दुरुस्ती हे एकरकमी काम आहे आणि मुदतीच्या कराला ते चांगलं जुळतं. फक्त "दुरुस्ती" म्हणजे काय ते कागदावर घ्या: आतला प्लास्टर, काठाचं काँक्रीट, पंप, फिल्टर, हीटर, जमिनीखालचे पाइप, अपंगांसाठी उतार किंवा लिफ्ट. पाइप गळके असताना नुसता प्लास्टर नवा केला तर दोन-तीन वर्षांत काठ पुन्हा फोडावा लागतो. आधी दाब-चाचणी, मग अंदाजपत्रक, हा क्रम सोडू नका.

वाचनालय मधोमध. बांधकामापेक्षा उघडं ठेवण्याचे तास महत्त्वाचे. नव्या इमारतीचं क्षेत्रफळ दुप्पट आणि कर्मचारी तेवढेच, असा आराखडा असेल तर एक मजला बंद राहतो.

आणि अंदाजपत्रकाची तारीख बघा. सार्वजनिक कामाला प्रचलित वेतनदर द्यावा लागतो, निविदा लागते, आराखडा आणि पर्यावरण तपासणी यांत दोन वर्षं सहज जातात. तीन वर्षांपूर्वीचा आकडा आज छापला असेल तर तीनपैकी एक काम पैशाअभावी गळणार. कुठलं गळणार हा क्रम आजच कौन्सिलच्या ठरावात लिहून घ्या.

---

सूनर_मराठी

कर्ज न काढता हे कसं करतात त्याचं उदाहरण ओक्लाहोमा सिटी. डिसेंबर १९९३ मध्ये तिथल्या मतदारांनी पाच वर्षांसाठी एका डॉलरमागे एक सेंट विक्रीकर मंजूर केला. त्या योजनेचं नाव मॅप्स. नऊ कामं आधीच जाहीर केली होती: बेसबॉल मैदान, कालवा, इनडोअर अरेना, मध्यवर्ती वाचनालय, नदीचं काम वगैरे. पैसा जमेल तसं बांधायचं, व्याज नाही. कर संपला की संपला.

अडचण तिथेही आली. खर्च वाढला, पैसे कमी पडले, आणि १९९८ मध्ये सहा महिन्यांची मुदतवाढ मतदारांकडे मागावी लागली. ती मिळाली. त्यानंतर शाळांसाठी २००१ मध्ये, मॅप्स ३ साठी २००९ मध्ये आणि मॅप्स ४ साठी २०१९ मध्ये मतदारांनी पुन्हा होकार दिला. दर वेळी नवी यादी आणि नवी मुदत. मला यातली सगळ्यात चांगली गोष्ट हीच वाटते की शहराला परत येऊन विचारावं लागतं, आणि आधीची कामं उभी दिसल्याशिवाय लोक पुन्हा हो म्हणत नाहीत.

कॅलिफोर्नियाशी एक मोठा फरक लक्षात घ्या. ओक्लाहोमात शहराचा विक्रीकर किराणा मालावरही लागतो. राज्याने आपला ४.५ टक्के हिस्सा ऑगस्ट २०२४ पासून किराण्यावरून काढला, शहरांचा तसाच आहे. त्यामुळे तिथला एक सेंट गरीब घराला जास्त बोचतो. आणि रोखीने बांधायचं तर पहिली एक-दोन वर्षं फक्त पैसा साठतो, काहीही दिसत नाही. तेवढा धीर लोकांना आधी सांगून ठेवावा लागतो.

---

कोथरूडकर

म्हणजे ही आपल्याकडच्या जकातीसारखी किंवा एलबीटीसारखी (स्थानिक संस्था कर) गोष्ट का?

---

वसुली_विभाग

@कोथरूडकर, नाही. जकात आणि एलबीटी शहराच्या हद्दीत माल *येण्यावर* होते आणि व्यापाऱ्याकडून वसूल व्हायचे. हा कर किरकोळ विक्रीवर, गिऱ्हाइकाच्या पावतीवर वेगळा दिसतो, आणि शहर स्वतः वसूल करत नाही. राज्याचा कर विभाग, सीडीटीएफए, गोळा करून शहराला पाठवतो. महाराष्ट्रात आता असा पर्यायच नाही. एलबीटी १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांसाठी बंद झाला, मुंबईची जकात १ जुलै २०१७ ला जीएसटीबरोबर गेली, आणि महापालिकांना त्याबदली राज्याकडून भरपाई मिळते. नागरिकांनी मत देऊन कर लावायचा किंवा नाकारायचा हा भाग तर आपल्याकडे कधीच नव्हता.

---

हिशेबनीस

पूर्वा, तारखा लिहून ठेवा, कारण त्या निघून गेल्यावर काही करता येत नाही.

प्रस्ताव मतपत्रिकेवर जायला कौन्सिलचा ठराव मतदानाच्या किमान ८८ दिवस आधी व्हावा लागतो. त्यानंतर मतपुस्तिकेतला मजकूर १० दिवस जनतेला पाहण्यासाठी खुला असतो; त्यात काही खोटं किंवा दिशाभूल करणारं आढळलं तर त्याच १० दिवसांत न्यायालयात जाऊन दुरुस्ती मागता येते. मतपत्रिकेवरच्या प्रश्नाला ७५ शब्दांची मर्यादा आहे आणि त्यात दर, मुदत व वर्षाचं अपेक्षित उत्पन्न द्यावंच लागतं. सिटी ॲटर्नीचं (शहराच्या सरकारी वकिलाचं) तटस्थ विश्लेषण ५०० शब्दांपर्यंत असतं. माझ्या मते पुस्तिकेतलं सगळ्यात कामाचं पान तेच, कारण "हा जनरल कर आहे, पैसा कोणत्याही कामाला वापरता येईल" हे वाक्य तिथे स्पष्ट लिहिलेलं सापडतं. बाजूने आणि विरोधात ३०० शब्दांपर्यंत युक्तिवाद देता येतो. विरोधात कुणीच दिला नाही तर ती जागा रिकामी राहते, आणि बहुतेक छोट्या शहरांत तसंच होतं. तुम्हाला विरोध करायचा नसला तरी "या अटी घाला" असं पत्र मतदानाआधीच्या कौन्सिल बैठकीत देणं हा त्याहून परिणामकारक उपाय.

माहितीपत्रकाबद्दल: शहर सार्वजनिक पैशाने माहिती देऊ शकतं, प्रचार करू शकत नाही. हे १९७६ च्या स्टॅन्सन निकालापासून ठरलेलं आहे. पत्रकात "हो म्हणा" असं असेल तर क्लर्ककडे लेखी तक्रार करा.

मंजूर झाला तर कर पुढच्या १ एप्रिलपासून लागू होईल, कारण मंजुरीनंतर ११० दिवस उलटून सुरू होणाऱ्या पहिल्या तिमाहीची अट आहे. शहराचं आर्थिक वर्ष ३० जूनला संपतं, म्हणजे पहिल्या वर्षी फक्त एका तिमाहीची विक्री. त्या पहिल्या वर्षाच्या बजेटमध्ये कुणी पूर्ण ५० लाख दाखवले तर तिथेच हात वर करा. आणि पुढे कौन्सिलने शब्द पाळला नाही तर प्रपोझिशन २१८ ने मतदारांना सह्या गोळा करून स्थानिक कर कमी किंवा रद्द करण्याचा हक्क दिलेला आहे. फक्त रोखे काढून झाले असतील तर रोखेधारकांशी झालेल्या कराराची बाब मध्ये येते आणि हा हक्क वापरणं फार अवघड होतं. म्हणून रोख्यांचा ठराव कोणत्या बैठकीत येणार आहे ते क्लर्कच्या कार्यालयात आधी विचारून ठेवा.